पडल्यावर चेहरा फुटला, दोष चष्म्याचा का?

तुम्ही लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी. वळणावर मोकळ्या खडीवरून पुढचं चाक सरकलं आणि तुम्ही उजव्या गालावर आपटलात. डोक्यावर हेल्मेट होतं. डोळ्यांवर कानापर्यंत वळलेला, खालच्या बाजूने फ्रेम नसलेला स्पोर्ट्‌स चष्मा होता. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली टाके घालावे लागले, नाकाच्या उजव्या अंगाला छोटी चीर गेली, गाल सोलवटला आणि आठवडा उलटला तरी तो बधिर आहे. डोळा शाबूत आहे. काच फुटली नाही, पण ओरखड्यांनी भरली आहे. सोबतच्या सायकलस्वारांपैकी काहींचं म्हणणं आहे की चेहरा चष्म्यानेच कापला, तो नसता तर नुसतं खरचटलं असतं. बाकीचे म्हणतात, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. खरं कोणाचं, आणि यापुढे चष्मा घालायचा की नाही, असं तुम्ही विचारता.

मी पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडांच्या शस्त्रक्रिया करते. सायकलवरून पडून चेहरा फोडून घेतलेली माणसं आमच्याकडे नेहमी येतात, आणि त्यांच्याबरोबर हा वादही येतो. पण त्याआधी तुमच्या त्या बधिर गालाबद्दल बोलू, कारण चष्म्याच्या वादापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

गाल, नाकपुडीची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या यांना संवेदना देणारी नस डोळ्याच्या खोबणीच्या तळातून येते आणि खोबणीच्या कडेखाली, साधारण एक सेंटीमीटरवर, हाडातल्या छिद्रातून बाहेर पडते. नुसत्या मुक्या मारानेही ती काही दिवस बधिर राहू शकते. पण गालाचं हाड सरकलं असेल किंवा खोबणीचा तळ तडकला असेल, तरी लक्षण हेच असतं. सूज आहे तोवर बसलेला गाल बाहेरून दिसत नाही. तेव्हा सीटी स्कॅन झाला नसेल तर तो करून घ्या. वर बघताना एकाची दोन दिसतात का, तोंड उघडताना जबडा अडतो का, दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का, हे डॉक्टरांना नीट तपासू द्या. तोवर नाक जोरात शिंकरू नका. सायनसची भिंत तडकलेली असेल तर शिंकरताना हवा थेट डोळ्यामागे शिरते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणीही एकदा करून घ्या. डोळा शाबूत दिसणं आणि पडदा शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता वादाकडे येते. तुमच्या सोबत्यांनी दोन प्रश्न एकात कालवले आहेत. ही चीर कशाच्या कडेने पडली, हा एक. चष्मा नसता तर तुमचा चेहरा आज बऱ्या अवस्थेत असता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'चष्म्याने' असं आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप 'हो' होत नाही. गाडीच्या अपघातानंतर छातीवर सीट बेल्टचा काळानिळा पट्टा उमटतो. तो बेल्टनेच उमटवलेला असतो, म्हणून बेल्ट नसता तर बरं झालं असतं असं कोणी म्हणत नाही.

पहिल्या प्रश्नात लोक सर्वांत जास्त फसतात ते जखमेच्या रूपाला. जखम सरळ, स्वच्छ, सुरीने ओढल्यासारखी दिसली की 'काहीतरी धारदार लागलं' असा निष्कर्ष निघतो, आणि धारदार म्हणजे चष्मा, कारण रस्ता तर सपाट होता. पण भुवई, गालाचं हाड, डोक्याची कवटी, नडगी या जागी कातडीच्या लगेच खाली हाड असतं. बोथट मार बसला की कातडी हाड आणि रस्ता यांच्यामध्ये चेपते आणि उभी फुटते, आणि ती फूट वरवर कापल्यासारखीच दिसते. न्यायवैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा सापळा मुद्दाम शिकवतात. मुष्टियोद्ध्यांची भुवई कशी फुटते ते आठवा. हातात जाड गादीचे ग्लोव्ह्‌ज असतात, धार कुठेच नसते, तरी जखम दुभंगलेली आणि सरळ असते.

फरक ओळखायचा तर जखम उघडून आत बघावं लागतं. फुटलेल्या जखमेच्या कडा बारकाईने पाहिल्या तर चेपलेल्या, किंचित खरवडलेल्या असतात. दोन्ही कडांच्या मध्ये, खोलवर, न तुटलेले तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या पुलासारख्या ताणलेल्या दिसतात. खऱ्या धारेने कापलेल्या जखमेत हे पूल नसतात, सगळं एका पातळीत छेदलेलं असतं. भुवईच्या केसांची मुळं चिरडली आहेत की स्वच्छ कापली गेली आहेत, हेही भिंगाखाली कळतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं असेल तर तुमच्या वादाचा अर्धा निकाल त्या कागदावर आहे. फोटो असतील तर तेही उपयोगी पडतात, मात्र टाके घालण्याच्या आधीचे.

तरीही एक अडचण उरते. तुमच्या चष्म्याची वरची कड म्हणजे प्लास्टिकची गोलसर पट्टी. ती सुद्धा बोथटच आहे. रस्त्याने फोडलेली भुवई आणि त्या पट्टीने हाडावर चेपून फोडलेली भुवई, दोन्ही आतून जवळजवळ सारख्या दिसतात. तिथे जखमेचा प्रकार नव्हे, तिची जागा आणि आकार बोलतो. चष्मा पुन्हा चेहऱ्यावर धरून पाहा, पण हेल्मेट घालून, कारण हेल्मेटची पुढची कड हा तिसरा संशयित आहे. ती खाली सरकली तर चष्म्याला नाकावर दाबते किंवा स्वतःच कपाळ फोडते. चीर फ्रेमच्या कमानीला समांतर आहे का? फ्रेमवर त्याच जागी वाकल्याची, पांढुरकं पडल्याची खूण आहे का? जखमेत वाळू, खडीचे कण निघाले होते का? कण निघाले असतील तर रस्ता तिथवर पोचला होता. जखम स्वच्छ असेल आणि आजूबाजूची कातडी खरवडलेली नसेल, तर फ्रेमवरचा संशय वाढतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगते. नाकाच्या बाजूची छोटी चीर चष्म्याचीच आहे. त्या जागेला रस्ता सहज पोचत नाही, तिथे नाकावर टेकणारं पॅड असतं, आणि त्या पॅडच्या आत पुष्कळदा वळवता येणारी तार असते. भुवईखालची जखम बहुधा फ्रेमच्या वरच्या कडेने पडली, मात्र ती जागा खोबणीच्या कडेच्या हाडावरच आहे, त्यामुळे चष्मा नसता तर तिथली कातडी रस्त्याने फोडली असती ही शक्यताही तितकीच दाट आहे. कुशीवर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे जे भाग आधी टेकतात त्यांत गालाचं हाड आणि भुवईचं बाहेरचं टोक हे दोन ठरलेले. गालाचं सोलवटणं आणि बधिरपणा यांच्याशी चष्म्याचा संबंध मला दिसत नाही. तो मार सरळ रस्त्याचा आहे.

तेव्हा 'चष्म्याने चेहरा कापला' म्हणणाऱ्यांचं थोडं बरोबर आहे. पण 'चष्मा होता म्हणून डोळा वाचला' म्हणणाऱ्यांनाही मी सहज सोडणार नाही. त्यांचा पुरावा काय, तर काचेवरचे ओरखडे. डोळ्याच्या खोबणीचं तोंड प्रौढ माणसात साधारण ४० मिलीमीटर रुंद आणि ३५ मिलीमीटर उंच असतं, आणि बुबुळ त्या कडांच्या किंचित आत बसलेलं असतं. सपाट पृष्ठभागावर चेहरा आपटला तर भुवई आणि गाल आधी टेकतात, डोळा मागे राहतो. ही निसर्गाची व्यवस्था उत्तम चालते. उलट गुंडाळलेल्या आकाराची स्पोर्ट्‌स काच हाडांच्या पातळीच्या पुढे आलेली असते, त्यामुळे रस्त्याला ती आधी टेकणारच. काच घासली गेली याचा अर्थ डोळा घासला गेला असता असा होत नाही.

मात्र रस्ता सपाट नसला की चित्र पालटतं, आणि तुमचा रस्ता खडीचा होता. खोबणीच्या तोंडापेक्षा लहान असलेली कुठलीही गोष्ट हाडांना चुकवून थेट डोळ्यावर पोचते. स्क्वॉशचा चेंडू ४० मिलीमीटरचा असतो आणि आपटल्यावर दबतो, म्हणून तो टेनिसच्या चेंडूपेक्षा डोळ्याला जास्त घातक. सायकलवर हेच काम खडा, काटकी, शेजारच्याच्या हँडलचं टोक किंवा ब्रेकचा दांडा करतो. तुमची काच उजेडाकडे धरून बघा. सगळे ओरखडे एकाच दिशेचे, वरवरचे असतील तर ते घसरण्याचे आहेत. मध्येच एखादा खोल खड्डा, चांदणीसारखी तडतड दिसली तर तिथे खड्याने टोच मारली आहे, आणि ती जागा बाहुलीच्या समोर असेल तर 'डोळा वाचला' म्हणणाऱ्यांना मी खुशाल मान देईन.

'संरक्षक चष्मा' म्हटल्यावर आपण त्याच्याकडून काय अपेक्षा धरतो, हेही पाहायला हवं. अमेरिकेच्या एएनएसआय झेड८७.१ या मानकातली वेगवान आघाताची चाचणी अशी: ६.३५ मिलीमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने काचेवर मारायची. त्या गोळीची ऊर्जा जेमतेम १ ज्यूल भरते. त्याच मानकात ५०० ग्रॅम वजनाचा टोकदार ठोकळा १२७ सेंटीमीटरवरून टाकतात, तो ६ ज्यूलच्या आसपास. आता हेल्मेटचं बघा. युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेट घातलेलं कृत्रिम डोकं सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. डोकं ५ किलोचं धरलं तर ही ऊर्जा ७० ज्यूलच्या वर जाते, आणि सायकलवरून पडलेल्या माणसाचं डोकं साधारण याच वेगाने जमिनीला येतं. तुम्ही ताशी ३० किलोमीटरने जात असा की २० ने, खाली आपटण्याचा जोर मुख्यतः उंचीवरून ठरतो. पुढचा वेग तुम्हाला फरफटवतो, कातडी सोलतो.

म्हणजे चष्म्याची परीक्षा झाली ती उडून येणाऱ्या लहान वस्तूंसाठी. डोक्याचं वजन मागे घेऊन रस्त्यावर आदळण्यासाठी ती कधी झालीच नव्हती. त्यातही सायकलचे म्हणून विकले जाणारे बहुतेक चष्मे मुळात उन्हाच्या चष्म्यांच्या आयएसओ १२३१२-१ या मानकाखाली येतात, ज्याचा भर प्रकाश गाळण्यावर, अतिनील किरणांवर आणि नजर स्वच्छ राहण्यावर आहे. रॅकेटचे खेळ, बास्केटबॉल, फील्ड हॉकी अशा खेळांसाठी अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेची वेगळी, कडक मानकं आहेत. त्यांच्या यादीत सायकल नाही. तुमच्या चष्म्याने पडताना चेहरा सांभाळला नाही ही तक्रार खरी असली तरी ते काम त्याला कोणी दिलंच नव्हतं.

मग तो घालायचा कशाला? चिलटं, धुरळा, पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेला खडा, डोळे कोरडे पाडणारा वारा, ऊन आणि आडव्या आलेल्या फांद्या यांच्यासाठी. पडणं क्वचित घडतं, हे रोज घडतं. उतारावर डोळ्यात चिलट गेलं की माणूस दोन्ही डोळे मिटतो, एक हात हँडलवरून काढतो, आणि पुढचे काही सेकंद आंधळा सायकल चालवतो. अशा पडण्याची कहाणी मी पेशंटकडून ऐकते तेव्हा त्यात चष्म्याचा उल्लेखच नसतो, कारण तो घातलेला नव्हता. चष्म्याने टाळलेली इजा कोणाच्या केसपेपरवर येत नाही. चष्म्याने केलेली चीर मात्र टाक्यांसकट सगळ्यांना दिसते. तुमच्या ग्रुपमधला वाद एका बाजूला का झुकतो याचं कारण मला यात दिसतं.

हा वाद सायकलपुरता नाही. अमेरिकेत शालेय मुलींच्या फील्ड हॉकीत २०११-१२ च्या हंगामापासून डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं झालं, तेव्हाही विरोधकांचे मुद्दे ओळखीचे होते. बाजूची नजर कमी होईल, मुली बेफिकीर होऊन एकमेकींवर आदळतील, डोक्याच्या दुखापती वाढतील. प्रत्यक्षात सक्ती असलेल्या आणि नसलेल्या राज्यांची तुलना झाली तेव्हा डोळ्याच्या आणि खोबणीच्या दुखापती सक्तीच्या ठिकाणी कमी निघाल्या, आणि मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

पण संरक्षक साधन नेहमी निर्दोष असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. रॅकेटच्या खेळांत एके काळी काच नसलेले, नुसत्या चौकटीचे गार्ड वापरत. चेंडू त्या फटीत दबून, लांबुळका होऊन थेट डोळ्यावर जायचा. ते साधन खरोखर वाईट होतं आणि मोडीत निघालं ते योग्यच झालं. म्हणून 'चष्म्याने इजा केली' हे वाक्य मी कधी हसण्यावारी नेत नाही. इजा केली असेल तर कुठल्या भागाने केली, हे शोधायचं आणि तो भाग बदलायचा.

तुमच्या बाबतीत ते भाग दोन दिसतात. नाकाचं पॅड तारेवर बसवलेलं असेल तर पुढच्या वेळी मऊ रबराचं, फ्रेमला सलग जोडलेलं, रुंद पॅड घ्या. दुसरं म्हणजे खालची मोकळी कड. या वेळी तिने तुम्हाला काही केलं नाही, हे नशीब. खालून फ्रेम नसलेल्या काचेची कड गालावर अर्धगोल चीर पाडते. अशा जखमा मी शिवल्या आहेत, आणि पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळ ती गेली तर अश्रू वाहून नेणारी नळीच तुटते. ती लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत जोडावी लागते, नाहीतर डोळा कायमचा पाझरत राहतो. त्यामुळे मी पूर्ण फ्रेमच्या बाजूची आहे. खालची नजर थोडी अडते, काच थोडी लवकर धुरकटते, हे दोन्ही मला मान्य आहे. फ्रेमच्या आतल्या बाजूला कड असेल आणि काच पुढून बसवलेली असेल, तर मार लागल्यावर काच डोळ्यावर येण्याऐवजी त्या कडेवर अडते. विकत घेताना अंगठ्याने काच समोरून दाबून बघा, आत निघते का.

काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या चिवट प्लास्टिकची हवी, याबाबत तडजोड नको. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात म्हणून लोक कंटाळतात, पण ते फुटून सुरीसारखे तुकडे करत नाही. खऱ्या काचेचा चष्मा, कितीही सुंदर दिसला तरी, सायकलवर चालवून घेऊ नका. धातूची नाजूक फ्रेम आणि बारीक स्क्रूची बिजागरी असलेला रोजचा नंबरचा चष्माही नको. नंबर असेल तर तो थेट स्पोर्ट्‌स काचेत बसवून घेणं उत्तम. मागे अडकवायची छोटी नंबरची चौकट मिळते ती मला आवडत नाही, कारण ती पापण्यांच्या अगदी जवळ असते आणि समोरची मोठी काच आत ढकलली गेली की पहिला घाव तीच घालते. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्यावर साधा बिनानंबरचा स्पोर्ट्‌स चष्मा चालेल.

सध्याचा चष्मा पुन्हा घालू नका, काच बदलूनही नाही. फ्रेमला एकदा असा झटका बसला की न दिसणाऱ्या तडा राहतात. हेल्मेटही बदला. आणि नवीन चष्मा घ्यायला जाताना नवीन हेल्मेट डोक्यावर घालूनच जा. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर असली पाहिजे, आणि मान वर-खाली केली तरी ती फ्रेमला टेकता कामा नये. चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून घ्या, म्हणजे पडताना चष्म्याला सुटून उडायला वाट राहते. पण हे सगळं सीटी स्कॅनचा निकाल हातात आल्यावर. गालाचं हाड सरकलं असेल तर ते जागेवर बसवायला पहिले दोन आठवडेच सोयीचे असतात, आणि त्यांतला एक तुमचा आधीच गेला आहे.